अण्णांना कार्डिओ झाला

"…अण्णांना कार्डिओ चालू झालाय गं…"

एवढंच पहिल्यांदा कानावर आलं. मी गच्चीवर चटणीच्या मिरच्या वाळत घालत होते. आमची गच्ची आणि शेजारच्या अण्णांची खिडकी यांच्यात एक हाताचं अंतर, आणि अण्णांचा फोन नेमका त्याच खिडकीत ठेवलेला. आता यात माझी काही चूक आहे का, तुम्हीच सांगा! फोन त्यांनी आत ठेवायला पाहिजे होता की नाही?

फोनवर त्यांची लेक नंदा होती. कॉलेजात जाणारी, त्या वर्षी गल्लीच्या कोपऱ्यावर निघालेल्या जिममध्येही जाणारी. मिरच्या टाकून मी कठड्याशी गेले. माणसाला शेजाऱ्याची काळजी नको का?

तेवढ्यात समोरच्या शालनची पिठाची गिरणी सुरू झाली. भर्रर्रर्र! मग काय, गिरणीनं जेवढं ऐकू दिलं तेवढं ऐकलं.

"…मिसळ वाढत न्हाय त्यानं, उलट कमी हुती…" भर्रर्र! "…वजन मातूर उतरतंय…" भर्रर्र! "…अव्वाला अजून सांगितलं न्हाय." आणि फोन ठेवला.

अव्वा म्हणजे तिची आई, आमची अक्का. हे लोक मूळचे सीमेकडचे, घरात निम्मं कानडी. आणि अण्णा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी तीस वर्षं मिसळीचं हॉटेल चालवणारे अण्णा! सकाळी सातला त्यांच्या कटाचा वास सुटला की आमच्या गल्लीत गजराचं घड्याळ लागत नसे.

आणि त्या अण्णांना कार्डिओ?

मी सातवी पास आहे, पण अगदीच अडाणी नाही. आमच्या थोरल्या दिरांचा कार्डिओग्राम काढला होता, तेव्हा मी दवाखान्याबाहेर चार तास बसले होते. कार्डिओ म्हणजे काळीज! वजन उतरतंय, मिसळ कमी केलीय, बायकोला सांगितलेलं नाही. आता आणखी काय पाहिजे? रिपोर्ट?

मी कुणाला म्हणून सांगितलं नाही. फक्त शालनला सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, गिरणीवालीला सांगायचं आणि वर 'कुणाला सांगितलं नाही' म्हणायचं! बरोबर आहे तुमचं. पण तेव्हा डोक्यात आलं नाही. दळण ठेवता ठेवता हळूच म्हटलं, "शालन, अण्णांच्या काळजाला झालंय म्हणं काय तरी. कुणाला बोलू नगंस."

"आई गं! कशानं वो काकी?"

"मिसळच सोडायला लावलीया. आता तूच समज."

बास. 'तूच समज' म्हणाले, हीच माझी चूक. शालननं समजून घेतलं. मग गहू घेऊन आलेल्यांनी समजून घेतलं, ज्वारीवाल्यांनी समजून घेतलं. संध्याकाळपर्यंत अण्णांना एक अ‍ॅटॅक येऊन गेलेला होता. दुसऱ्या दिवशी दोन झाले. तिसऱ्या दिवशी तर नळावर मलाच बातमी मिळाली, "काकी, तुमाला म्हाईत न्हाय व्हय? अण्णांच्या कटातच हाय काय तरी! डाक्टरनं लिहून दिलंय, ह्या मिसळीनं कार्डिओ हुतो!"

मी म्हटलं, "व्हय की काय!" अगदी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.

घरी मालकांना सांगितलं. आमचे मालक तरुणपणी तालमीत जात. आता फक्त तालमीच्या गोष्टी सांगतात. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तीस वर्षं कट चाखणाऱ्याला काय झालं न्हाय, ते आता हुतंय? तू बघितलंयस का?"

"ऐकलंय."

"मग झालंच म्हणायचं," म्हणाले आणि पेपर उलटला. नवऱ्यांना गांभीर्यच नसतं.

पण गल्लीला होतं हो! लोक किती मायाळू बघा. जी माणसं अण्णांशी 'कट वाढा की, काय औषध देतायसा व्हय' असं भांडत, ती आता हॉटेलावरून जाताना चपला हातात घेतल्यासारखी हळू चालू लागली. "बसा अण्णा, उभं ऱ्हाऊ नगा." "अण्णा, जपा." आणि खायला मात्र कुणी आत येईना. एक जुने मास्तर वीस वर्षं रोजचे गिऱ्हाईक. ते म्हणाले, "आज नुसता चहाच," आणि चहासुद्धा अर्धा ठेवून गेले. वर नाक्यावर सांगितलं, "मला आधीपासूनच शंका होती." वीस वर्षं शंका घेऊन दोन-दोन प्लेट खात होते!

अण्णा बिचारे गोंधळलेले. मला म्हणाले, "काकी, माणसं एकदम लई मानानं बोलाय लागल्यात. म्या काय इलेक्शनला हुबा हाय काय?"

"माणूसच तसं हायसा तुमी," म्हटलं आणि सटकले.

चौथ्या दिवशी दुपारी अक्का डबा घेऊन दारात. तोंड उतरलेलं. "वैनी, घ्या. उसळ हाय. तीस वर्षात पयल्यांदा उरलीया. काय झालंय लोकांस्नी काय कळंना. असंच चाललं तर हॉटेलाला कुलूपच लावायचं."

डबा हातात घेतला. सांगून टाकावं वाटलं. पण सांगायचं काय? नवऱ्याचा आजार तिला माहीत नाही, पोरीनं लपवलाय. मी कशी फोडू? शेवटी मन मोठं करून गप्प बसले. उसळ खायचा काही धीर झाला नाही. पाटलांच्या म्हशीच्या पाटीत ओतली. तिनं चाटूनपुसून खाल्ली आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडं बघत राहिली. तिला कार्डिओ म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी ठरवलं, अण्णांवर आपणच लक्ष ठेवायचं.

अण्णा रोज पहाटे महादेवाला जातो म्हणून बाहेर पडत. पाचव्या दिवशी मी शालनला घेऊन मागोमाग निघाले. अण्णा देवळावरून सरळ पुढं गेले. नमस्कारसुद्धा नाही! मी शालनला कोपर मारलं. "बघ, देवावरचा इस्वास उडालाय. लई वाढलंय दुखणं."

आम्ही जरा मागं पडलो. रंकाळ्याच्या तळ्यावर पोचून बघतो तर काय! अण्णा धोतर सोडून, म्हणजे धोतराऐवजी हो, हाफचड्डीत! पायात पांढरे कॅनव्हास बूट. आणि पळतायत! साठीचा माणूस, तोंड लालभडक, छातीचा भाता चाललेला, आणि डावा हात बरगडीवर!

"शालन, आलाऽऽ!" मी किंचाळले.

"कोण आला?"

"अ‍ॅटॅक!"

आता सांगू का, आयुष्यात मी पळाले नव्हते. त्या दिवशी पळाले. पातळ हातात धरून, "अण्णाऽ थांबाऽ" ओरडत. ओरडण्यानं अण्णा दचकून आणखी जोरात पळाले. शेवटी फिरायला आलेल्या दोघा पावण्यांनी त्यांना आडवं होऊन धरलं आणि कट्ट्यावर निजवलं.

अण्णा काहीतरी सांगायला बघत होते. "काकी… आवो… मी…"

मी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "बोलू नगा! काळजावर जोर पडतोय!"

"आवो पर…"

"शालन, तळपाय चोळ!"

रिक्षात घातलं. सगळ्या वाटेत अण्णा तोंड उघडायचे आणि मी दाबून धरायचे. आज विचार करते, त्या दिवशी अण्णांना खरंच काही झालं असतं, तर ते माझ्या हातानं गुदमरून झालं असतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं वायरी लावल्या, कागद बाहेर काढला, बघितला, पुन्हा बघितला. तोवर शालननं रिक्षावाल्याकडून निरोप धाडलेला, त्यामुळं अक्का आणि नंदा धावत आल्या. अक्का दारातूनच रडत होती.

डॉक्टर म्हणाला, "कार्डिओग्राम एकदम छान आहे. त्रास कधीपासून होतोय?"

"कसला तरास?" अण्णांना पहिल्यांदाच पुरतं वाक्य बोलायला मिळालं. "पळताना बरगडीत चमक भरली. तर ह्या बायांनी मला उचलून आणलं!"

"मग तुम्हाला हार्टचा पेशंट कोण म्हणालं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी शालनकडं बघितलं. शालननं सरळ बोट दाखवलं. "काकी म्हणाल्या."

मी म्हटलं, "मी माझ्या मनाचं न्हाय बोलले! नंदाच म्हणाली फोनवर, अण्णांना कार्डिओ झालाय. त्यानं मिसळ वाढत न्हाय, उलट कमी हुती."

नंदानं कपाळावर हात मारला. "काकी! मिसळ न्हवं वो, मसल! मसल म्हंजे स्नायू! आणि कार्डिओ झालाय न्हवं, चालू झालाय. पळायचा व्यायाम! अण्णांचं पोट सुटलंय म्हणून मीच चालू करायला लावलं. हाफचड्डीत बघून अव्वा हसंल म्हणून अण्णाच म्हणाले, सांगू नगंस."

अक्का रडायची थांबली. हसली मात्र नाही.

मला गप्प बसवत नव्हतं. "मग मसल कमी हुती म्हंजे काय? हे तर आणि वाईटच की!"

मग पोरीनं समजावलं. नुसतं चालून-पळून दम वाढतो, चरबी उतरते. नवख्या माणसाच्या पोटऱ्या थोड्या भरतील, एवढंच. त्यानं काही दंड-मांड्या भरत नाहीत. उलट खाणं तोडून नुसतंच पळत सुटलं, तर चरबीबरोबर मसलसुद्धा झडते. ती टिकवायची तर वजनं उचलायची, बैठका मारायच्या, आणि डाळी, मोडाची कडधान्यं असं खायचं.

डॉक्टर मान हलवत होता. अण्णा एकदम उठून बसले. वायरी तशाच लोंबत. "मोडाची? मिसळीत मटकी असती की!"

"आणि वर फरसाण, कट, ब्रेड असतोय," नंदा म्हणाली. पण अण्णांनी मटकीपर्यंतच ऐकलं. बघा, अर्धवट ऐकणारी मी एकटीच नव्हते.

एवढ्यात डॉक्टर माझ्याकडं वळला. "काकू, पेशंटपेक्षा तुम्हालाच जास्त धाप लागलीय. बसा." बीपी बघितलं, काट्यावर उभं केलं. म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर किलो. यांना नाही, कार्डिओची गरज तुम्हाला आहे. उद्यापासून रोज चालायचं."

शालन हसली. मीच तिला रिक्षात घालून आणली होती, तरी हसली.

बाहेर आल्यावर अक्कानं मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं आता शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "वैनी, चार दिस माझं हॉटेल रिकामं ऱ्हायलंय. तुमच्या तोंडानं गेलेली माणसं तुमच्याच तोंडानं परत यायला पायजेत."

"सांगतो की सगळ्यांस्नी! दारोदार जाऊन सांगतो!"

"सांगू नगा!" अक्का जवळजवळ ओरडलीच. "तुमी आता काय बी सांगू नगा. खायचं. रोज सकाळी पुढच्या बाकड्यावर बसून, समद्या गल्लीला दिसंल असं खायचं."

झाली शिक्षा. दुसऱ्या दिवसापासून पहाटे अण्णांबरोबर रंकाळ्याला फेरी. अण्णा पळायचे, मी मागून चालायचे. आणि परत आलं की पुढच्या बाकड्यावर. पहिल्या दिवशी लोक रस्त्यावर थांबून बघत होते, मी कधी पडते म्हणून. मी एक प्लेट संपवली आणि मोठ्यानं म्हटलं, "अक्का, कट वाढा!" दुसऱ्या दिवशी दोन रिक्षावाले आत आले. आठवड्यात मास्तर आले, म्हणाले, "मी तर कधीच विश्वास ठेवला नव्हता." पंधरा दिवसांत बसायला जागा मिळेना. तेव्हा खरं तर माझी शिक्षा संपायला पाहिजे होती.

पण मी म्हटलं, उगाच धोका कशाला? लोकांना पुन्हा शंका आली तर? म्हणून खातच राहिले. शेजाऱ्यासाठी एवढं करायला नको?

मालक पेपरामागून म्हणाले, "नुसतं चालून कोण पैलवान झालेला मी बघितला न्हाय. हां, खाऊन झालेले बघितलेत." मी लक्ष दिलं नाही.

दोन महिन्यांनी मी, अक्का आणि नंदा नरसोबाच्या वाडीला निघालो होतो. एस. टी. स्टँडवर ते लाल-हिरवे दिवे लागणारं वजनाचं मशीन होतं. मी मुद्दाम चढले. म्हटलं, रोजची फेरी, आता बघाच! चाक फिरलं, खटकन तिकीट पडलं. मागं भविष्य छापलेलं, 'आपल्या बोलण्याचा लोकांवर फार प्रभाव पडतो.' अक्कानं ते दोनदा वाचलं.

पुढच्या बाजूला आकडा होता, ब्याऐंशी.

"चार किलो वाढलं?" नंदा म्हणाली.

मी पदर खोचला. आता मला सगळं माहीत होतं की! "अगं, रोज चालतो न्हवं का मी? मसल वाढली असंल!"

नंदानं तिकीट माझ्या हातात दिलं. "काकी, मागं तुमी मसलची मिसळ केलीसा. आता मिसळीची मसल करू नगा."

तर अण्णांच्या मिसळीनं एक माणूस बिघडला, ही अफवा अगदीच खोटी नव्हती. माणूस तेवढा मी चुकीचा धरला होता.