बाळकृष्णाचं स्वेटर

नांदेडात राहून जी बाई स्वेटर विणते तिच्या डोक्यात जरा फरक असणार, असं आमच्या नातेवाइकांचं मत आहे. ते मला तोंडावर कुणी सांगत नाही, कारण माझं तोंड त्यांना माहीत आहे. पण खरं सांगायचं तर त्यांचं फार चुकत नाही. आमच्याकडे थंडी दिवाळीनंतर येते, पाहुण्यासारखी चार दिवस राहते आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन निघते. बाकी सगळं ऊन. त्या उन्हात, पंख्याखाली बसून, मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन मी कित्येक वर्षं विणते आहे आणि विणलेलं वाटते आहे. लग्न असो, वास्तुशांत असो, कुणाचा मुलगा बारावी पास होवो नाहीतर कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन होवो, आमचा आहेर ठरलेला. "तुमच्याकडून काय येणार हे पुडकं न सोडताच कळतं," असं एक नातेवाईक हसत हसत म्हणाले. त्यांना पुढच्या वर्षी मी कानटोपी दिली.

आमचे हे म्हणतात, "मराठवाड्यात थंडी कमी पडते त्याला तूच कारण. तुझ्या स्वेटरांना भिऊन ती येत नाही." यांच्या कपाटात शर्टांपेक्षा स्वेटर जास्त आहेत, म्हणून बोलणं सुचतं.

आमची एकुलती एक लेक लातूरला दिलेली आहे. पहिल्या दिवाळसणाला मी जावयाला वेणीच्या नक्षीचं, बंद गळ्याचं स्वेटर दिलं. तेव्हापासून मी लातूरला यायची म्हटलं की बिचारा ते घालून बसस्टँडवर हजर. एकदा तर ऐन अक्षय तृतीयेच्या सुमारास आला. कानामागून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी विचारलं, "गरम होत नाही ना?" तर म्हणाला, "नाही आई, लई आरामशीर आहे." लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पण जावई म्हणून मला तो पसंत पडला त्या दिवशी.

लेकीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आनंदाच्या भरात मी दुसऱ्याच दिवशी पिवळी लोकर आणली. पिवळा रंग मुलगा-मुलगी दोघांना चालतो. चौथ्या महिन्यात ते एवढंसं स्वेटर मी स्वतः लातूरला नेऊन दिलं. पाचव्या महिन्यात ते लेकरू गेलं. त्या स्वेटरबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते. भांडण मला जमतं. गप्प बसलेल्या माणसांपुढे काय करायचं ते जमत नाही.

पुढे लेकीला पुन्हा दिवस गेले आणि विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई मूळच्या औशाकडच्या, शेतकरी घरातल्या. बोलतात कमी, पण बोलल्या की विषय संपतो.

"ओ विहीणबाई, येक सांगू का? राग नका मानू. ह्या टायमाला काही विणू-बिणू नका. लेकरू हातात आल्याबिगर त्याच्यासाठी नवं काही करू न्हाई. आमच्यात न्हाई करत."

"हाव," मी म्हटलं, फोन ठेवला आणि भांडी जरा मोठ्यानं लावायला घेतली. काय झालं म्हणून हे विचारायला आले. मी म्हटलं, "मी शिकलेली बाई आहे. नोकरी करून निवृत्त झाले. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही." एवढं बोलून मी स्टूल घेतलं आणि सगळ्या सुया माळ्यावर टाकून दिल्या.

"विश्वास नाही तर माळ्यावर कशाला?" यांनी विचारलं.

नवऱ्याच्या सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. विश्वास नव्हताच. भीती होती, आणि भीतीला विश्वास लागत नाही.

त्यात डॉक्टरांनी लेकीला झोपून राहायला सांगितलं. प्रवास बंद. म्हणजे बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. ती तिकडे सासूच्या ताब्यात आणि मी इकडे रिकाम्या हातांनी. मी निवडलेली तूरडाळ पुन्हा निवडली. दूधवाल्याशी, केबलवाल्याशी आणि एका चुकून आलेल्या कुरिअरवाल्याशी भांडण झालं. लेकीला इतके फोन केले की शेवटी ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी मला आराम सांगितलाय, तो तुझ्यापासून पण आहे." एके दिवशी हे स्वतःच माळ्यावर चढले आणि सुया खाली घेऊन आले. "विण बाई. कुणासाठी का असेना, विण. मलाही याच घरात राहायचंय."

विणायला घेतलं तर हात आपोआप टोपऱ्याकडे वळले. मऊ पांढरी लोकर, बारीक सुया. हे कुणाचंच नाही, असं मनाला बजावत मी दुपारी विणत बसले होते, तेवढ्यात शेजारची सून विरजण मागायला आली.

"काय वो काकू, कुणाचं टोपरं? लातूरचं का?"

तिची मावसबहीण विहीणबाईंच्या गल्लीत राहते. हो म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत बातमी लातूरला पोचली असती. "बाळकृष्णाचं," मी म्हटलं.

तिनं आमच्या देवघराकडे पाहिलं. आमचा बाळकृष्ण अंगठ्याएवढा, पितळी, रांगता. मग तिनं टोपऱ्याकडे पाहिलं. "काकू, ह्याच्यात तर देवासंगट देव्हारा बी बसंल."

"लोकर धुतल्यावर आटते," मी म्हटलं.

खोटं बोललं की ते निभवावं लागतं. टोपरं तसंच अर्धवट सुईवर राहिलं, पुढे विणायचा धीर झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी आमच्या बाळकृष्णाला खरोखरीचं स्वेटर विणून घातलं. ते पाहून शेजारची सून म्हणाली, "अय्या, आमच्या बी देवाला करा." आणि मग सगळ्या गल्लीतल्या देवांना थंडी वाजायला लागली.

माणसांचं स्वेटर विणणं सोपं असतं, माणूस हात खाली सोडून उभा राहतो. बाळकृष्णाचं तसं नाही. तो रांगतो. एक हात जमिनीवर, दुसरा वर, आणि त्या वरच्या हातात लोण्याचा गोळा. तो गोळा काही केल्या बाहीतून जात नाही. म्हणून देवाला आधी आत बसवायचं, बाही त्याच्या अंगावरच विणायची आणि टाके तिथेच बंद करायचे. देवाला मांडीवर उलटा धरून, ओठांत सुई दाबून मी बसलेली असायची. "अशी भक्ती मी तरी कुठं ऐकली नाही," हे म्हणाले. कुणी दोऱ्यानं माप घेऊन आलं, कुणी अख्खा देवच पिशवीत घालून आणून दिला. कोपऱ्यावरच्या आजींना माळेगावहून आणलेल्या त्यांच्या खंडोबाला स्वेटर पाहिजे होतं. मी वैतागून म्हटलं, "मग घोड्याचं पण माप आणा." त्यांनी आणलं.

लोकरीच्या दुकानातल्या खाला माझ्या फेऱ्या पाहून काळजीत पडल्या. "क्या बाई, यंदा लई थंडी पडनार हाय का? टीव्हीवर काही बोलले का?"

मी सगळ्यांना फसवते आहे या आनंदात होते. पण शेजारच्या सुनेनं स्वेटर घातलेल्या आपल्या देवाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकला आणि दुपारी विहीणबाईंचा फोन वाजला. मी आधी हातातली सुई खाली ठेवली, मग फोन उचलला.

"ऐकलं, देवायला स्वेटर विणून राहिलात म्हणे."

"हाव. देवालाच," मी म्हटलं. "फक्त देवालाच."

"मग आमच्या बाळकृष्णाला बी करा येक."

माझा जीव भांड्यात पडला. "करते की. माप सांगा, किती बोटं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "माप काय... तान्ह्या लेकराच्या अंगाला येईल येवढं करा."

मी आपली शहाणी. "अहो, तुमचा बाळकृष्ण मी पाहिलाय. वीतभर पण नाही. एवढं घातलं तर देव शोधावा लागेल."

"मूर्ती लहान हाय," विहीणबाई म्हणाल्या, "पर लातूरची थंडी मोठी हाय." आणि मग एकदम हळू, "अन् पिवळं नका करू."

फोन ठेवून मी तशीच खाली बसले. इतके महिने मी त्यांच्यावर मनातून धुमसत होते, की या बाईनं आपल्या माथी दोष मारलाय. त्यांनी कसलाच दोष दिला नव्हता. त्या भ्यायल्या होत्या, माझ्याइतक्याच, आणि त्यांनाही वाट पाहणं सोसत नव्हतं. मला रडू फुटलं. हे धावत आले आणि म्हणाले, "काय झालं? कोणाच्या देवाचं माप चुकलं?"

मी डाळिंबी रंगाची लोकर आणली. आणि मग आम्हा दोघी विहिणींचे रोज फोन सुरू झाले, ज्या आम्ही लग्नातल्या मानपानावरून सहा महिने एकमेकींशी बोललो नव्हतो.

"देवाची बाही कुठवर आली?"

"कोपरापर्यंत. देवाची तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. लाथा मारून राहिले रातंदिस."

"सोनोग्राफीत देवाचं वजन किती भरलं?"

"थोडं कमी हाय म्हणले. म्या रोज खारीक-खोबरं देऊन राहिले देवाला."

लेक पलंगावर पडून हे सगळं ऐकायची. एकदा तिनं मला विचारलं, "आई, आपल्या दोन्ही घरांत सगळे इतके धार्मिक कधीपासून झाले?"

ऐन जानेवारीत, तारखेच्या बऱ्याच आधी, सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. "या. बाळकृष्ण आले. पोरगी हाय."

"दोघी?" मी विचारलं.

"दोघी बऱ्या हायेत. पोरगी बारीक हाय. या तुम्ही."

चहा तसाच उकळत ठेवून आम्ही निघालो. गॅस यांनी बंद केला म्हणून घर राहिलं. बस लोहा, अहमदपूर करत चाकूरला थांबली आणि ड्रायव्हर निवांत चहा प्यायला उतरला. मी खिडकीतून त्याला त्याच्या चहाबद्दल माझं मत सांगितलं. हे उठून दोन सीट मागे जाऊन बसले, जणू या बाईचा आणि त्यांचा संबंध नाही.

दवाखान्यात लेक पलंगावर होती, पांढरीफटक, पण हसत होती. शेजारी विहीणबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं लेकरू. पहिलं अंगावरचं जुनेरच पाहिजे, हा त्यांचा कायदा. चेहरा एवढासा, सुरकुतलेला, मांजराच्या पिल्लासारखी बारीक कुरकुर चाललेली. मला हात लावायला भीती वाटली. तेवढ्यात नर्स आल्या. "बाळ कमी वजनाचं आहे, उबेत ठेवायचं. काही गरम आणलंय का?"

विहीणबाईंनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी डाळिंबी स्वेटर काढून पलंगावर ठेवलं. कुणीच उचललं नाही.

"घाला की," विहीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही घाला. तुमच्या देवाचं आहे."

"विणलं तुम्ही. तुमचा मान."

"छे छे, मान तुमचा. घर तुमचं."

ज्या बायकांनी लग्नात मानाच्या साडीचे काठ तपासले होते त्या आता मान एकमेकींच्या गळ्यात घालत होत्या. खरं हे होतं की दोघींनाही धीर होत नव्हता. आपल्या हातानं घातलं आणि काही झालं तर, हेच दोघींच्या मनात. नर्स कंटाळून निघून गेल्या.

लेकीनं आमच्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे. "द्या इकडं," ती म्हणाली. हळूहळू उठून बसली आणि तिनंच ते लेकराला चढवायला घेतलं. तिला सवय कुठली. एक हात गेला, दुसरा मध्येच अडकला, आणि इतका वेळ नुसती कुरकुरणारी ती पोर एकदम जोरात भोकाड पसरून रडायला लागली. एवढ्याशा छातीत एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. दारातून जावई डोकावला, मागून हे डोकावले. लेक घाबरून म्हणाली, "आई, बघ ना, हात अडकलाय."

मी पुढे व्हायला निघाले, तर विहीणबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"थांबा वो," त्या म्हणाल्या, "जरा रडू द्या तिला. ऐकू द्या."

बाही कुठे अडकली आहे ते मला लांबूनही दिसत होतं, एका बोटानं सुटली असती. पण मी थांबले. पलंगाच्या पायथ्याशी आम्ही दोघी हात धरून उभ्या राहिलो आणि ती रडत होती ते ऐकत राहिलो.