फौजदाराचं पिस्तूल आणि कडूबाची पेटी

सांडू फौजदार आणि कडूबा पहिल्यांदा भेटले तेव्हा धरणीकंप झाला, असं सोयगावकडं आजही सांगतात. डोंगराच्या पायथ्याला कडूबाचा मका, मक्यात रानडुकरं, राखणीच्या माळ्यावर कडूबा आणि हातात बापाची ठासणीची बंदूक. बार उडाला. बाजार मोडला, चार गावच्या म्हशी वेळेआधी व्याल्या, आणि खालच्या वाटेनं सायकलवर येणारे नवे फौजदार टोपी एकीकडं, सायकल दुसरीकडं असे थेट उकिरड्यात जाऊन बसले. डुकराला काही झालं नाही. ते उभं राहून बघत होतं.

"कोण हाय रे वर?"

"परवाना हाय, साहेब!" कडूबा वरूनच ओरडला. "कडूबा म्हणत्यात मला!"

आधी परवाना, मग नाव. निजामावरच्या पोलीस कारवाईनंतर नव्या सरकारनं त्याच्या बापाला हा परवाना दिला होता, पिकाच्या राखणीसाठी. म्हातारा गेल्यावर तो कडूबाच्या नावावर झाला, आणि त्यानं तो जिवापाड जपला. कारण उघड होतं. बार वाजला की डुकरं डोंगरात पळायची आणि घरात मका यायचा. बार नाही तर मका नाही.

हत्यार घरात कुलुपात पाहिजे, असा कायदा. कडूबानं सागाची लांब पेटी करून घेतली, तिला दोन कुलपं घातली आणि किल्ल्या बायकोच्या, आवडाबाईच्या, कमरेला दिल्या.

"माझी नथ फडक्यात खुंटीला, अन् ही सवत सागाच्या पेटीत," आवडाबाई म्हणायची.

पेटीची तपासणी फौजदाराकडं. सांडू फौजदार हे काम इतकं मन लावून करायचे, की जेवण झाल्याशिवाय ते पुरं व्हायचंच नाही. जेवायला बसताना स्वतःचा पट्टा पिस्तुलासकट काढून खुंटीला अडकवायचे.

"साहेब, कुलुपात ठिवू का?" कडूबा विचारायचा.

"खुळा का काय तू? सरकारी चीज हाय. तिच्याकडं कोण बघतंय?"

मग दसरा आला. कडूबानं बंदूक धुऊन पुसून पाटावर ठेवली. शेजारी विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. हळदकुंकू, झेंडूची माळ. त्यातली निम्मी फुलं शेळीनं खाल्ली, तिलाही सण आहे म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात फौजदार सोनं द्यायला आले आणि पट्टा खुंटीला गेला.

कडूबाला ते बरं दिसेना. घरातलं झाडून सारं लोखंड पाटावर, आणि पाहुण्याचं हत्यार पुजेवाचून खुंटीला लटकतंय!

"साहेब, तुमचंबी ठिवू का पाटावर?"

"ठेव की. दसरा हाय," फौजदार पुरणपोळीतून म्हणाले. त्यांनीच गोळ्या काढून ते रिकामं करून दिलं. कडूबानं पिस्तुलाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. फौजदार पोट भरून जेवले, जरा आडवे झाले. बाहेर गंगापूरला सासुरवाडीला जायची जीप ओरडायला लागली, तसे दचकून उठले, पट्टा बांधला आणि गेले. पिस्तूल देवापुढं तसंच.

कडूबाच्या ध्यानात आलं तेव्हा जीप डोंगराआड गेली होती. त्यानं कायद्यात बसेल तेच केलं. बंदूक पेटीत, पिस्तूल पेटीत, दोन्ही कुलपं बंद. सकाळी पिस्तूल फडक्यात गुंडाळून ठाण्यात हजर. तिथं औरंगाबादहून तपासणीला आलेले मोठे साहेब बसले होते.

"सरकारी पिस्तूल तुझ्याकडे कसं?"

कडूबानं सगळं सांगितलं. पुरणपोळीसकट.

"आणि तुझी बंदूक त्या वेळी कुठे होती?"

"पाटावर, साहेब. दसरा हुता ना."

"म्हणजे उघड्यावर. कुलुपाबाहेर."

कडूबानं मान वळवली. मागच्या टेबलावर ठाण्याच्या रायफली कालच्या माळा घालून ओळीनं मांडलेल्या होत्या. दार सताड उघडं, पहाऱ्याचा शिपाई चहाला गेलेला.

"साहेब, ह्याबी उघड्यावरच हायेत की."

"त्या सरकारी आहेत," साहेब म्हणाले.

पुढं औरंगाबादच्या कचेरीत चौकशी झाली. कडूबाला वाटत होतं, फौजदार एक शब्द टाकतील. फौजदारांनी टाकलाही. "माणूस साधा हाय, साहेब," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पाटावर ठेव असं आपणच म्हणालो होतो, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. निकाल लागला. सरकारी पिस्तूल दोन कुलपांच्या पेटीत सुखरूप सापडलं, सबब फौजदाराचा हलगर्जीपणा दिसून येत नाही; त्यांना समज देण्यात यावी. कडूबानं परवान्याबाहेरचं हत्यार घरात ठेवलं आणि स्वतःचं उघड्यावर ठेवलं, सबब परवाना रद्द, बंदूक जमा.

"पेटी माझी, साहेब," कडूबा म्हणाला. "कुलपंबी माझी."

कुणी ऐकलं नाही. पट्टेवाल्यानं पुढचं नाव पुकारलं होतं.

फौजदारांची बदली गंगापूरला झाली, सासुरवाडीच्याच गावी, जिथं ते कधीपासून मागत होते. कडूबा त्या साली माळ्यावर बसून रॉकेलचा डबा बडवत राहिला. पहिले काही दिवस डुकरं बिचकली. मग त्यांना कळलं की हा नुसता डबा आहे, आणि ती डब्याच्या आवाजातच जेवायला लागली. आवडाबाईनं कणसं वेचायला टोपली नेली आणि रिकामी परत आणली. अपील केलं, ते फेटाळलं. पुन्हा केलं, त्याचं उत्तर आलं नाही.

पुढं कडूबानं ते शेत पडीक टाकलं आणि सोयगावला एका कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन म्हणून लागला. तिथं त्याला एक काठी दिली.