मी निवडलेलं काडतूस

हे लिहायला मी बसलो आहे खरा, पण लिहिण्याचा अधिकार मला आहे असं मनापासून वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात कागद यायचा तो अर्जाचा, आणि तोही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. शिवाय जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती आणि भोगलं दुसऱ्यानं. अशा माणसानं गप्प बसावं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं, एवढंच म्हणतो.

आमचं गाव खानापूरच्या पुढं, जंगलाला लागून. पीक भाताचं. सुगी जवळ आली की रानडुकरं उतरतात आणि खातात त्याच्या चौपट लोळवतात. थोरल्या आप्पांकडे, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाकडे, शेतराखणीच्या परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक होती. आप्पांना मूलबाळ नव्हतं. मला बेळगावला शिकायला ठेवायचं त्यांनीच ठरवलं. वडिलांनी नुसती मान हलवली होती.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी निवडणूक संपली तोवर आप्पा पेरणीत अडकले, मग रोप लावणीत. बंदूक पावसाळाभर तिथंच राहिली. परत आणली तेव्हा नळीत आतून गंज धरला होता. खानापूरच्या मिस्त्रीनं नळीत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, हिला आता भिंतीवर लावा. उडवू नका, हातात फुटंल."

म्हणून नवीन घ्यायची ठरली. कोणती, असं कुणी विचारलं की आप्पा म्हणायचे, "आमचा कॅडेट सांगंल की." मी कॉलेजात एनसीसीला होतो आणि फायरिंगच्या संघात निवडला गेलो होतो. माझा टार्गेटचा एक कागद आप्पांनी मागून नेऊन घरात कॅलेंडरशेजारी चिकटवला होता. पाच गोळ्या, पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा. आल्यागेल्याला हात धरून तो कागद दाखवायचे.

बेळगावात बंदुकीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार वयस्कर होता. परवाना बघून म्हणाला, "शेतासाठी व्हय? मग बाराच घ्या. एलजीचं काडतूस घाला, मोठे छर्रे. डुक्कर जाग्यावर बसतंय."

"खांदा साथ देत न्हाय हो आता," आप्पा म्हणाले. "एक बार काढला की दोन दिवस हात वर जात न्हाय."

मी मध्येच बोललो. म्हटलं, पॉइंट टू टूची रायफल घेऊया. धक्का नाही, आवाज कमी, आणि नेम बारापेक्षा कितीतरी अचूक.

दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "साहेब, आजवर कशावर मारलंय तुम्ही?"

"टार्गेटवर."

"टार्गेट अंगावर येतंय काय?"

आप्पा मोठ्यानं हसले. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी जास्त बोलायला लागलो. दुकानदार शांतपणे सांगत होता, की ही गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पूर्वी लोक सशाला वापरायचे. मोठ्या नराच्या खांद्यावर चामडं ढालीसारखं जाड असतं, त्यावर चिखलाचा थर. मी म्हटलं, "कानामागं बसली तर वजनाचा प्रश्नच येत नाही." हे वाक्य मी मोबाइलवर एका व्हिडिओत ऐकलं होतं. जिवंत जनावरावर मी आयुष्यात कधी नेम धरला नव्हता.

शेवटी त्यानं दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. एकीतल्या गोळीच्या टोकाला खड्डा होता. "घ्यायचीच तर ही घ्या. वेग जास्त हाय, आत गेल्यावर फुलती तरी," तो म्हणाला. दुसरी डबी भरीव, गोल टोकाच्या गोळ्यांची, वेग कमी, आमच्या रेंजवर असायची तसली. मी दुसरीवर बोट ठेवलं. कागदावर तिची भोकं जवळजवळ पडतात, हे मला माहीत होतं. मला माहीत होतं ते एवढंच, पण तेच मी ज्ञान म्हणून मांडलं.

आप्पांनी दुकानदाराकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "तो म्हणतोय ती द्या."

रायफल त्यांना फार आवडली. बांधावर फळी उभी करून त्यांनी सराव केला. आठवड्याभरात फळीवरचा खडूचा ठिपका उडवायला लागले. "कापूस उडवल्यागत वाटतंय रं," असं म्हणायचे. तेव्हा मला वाटलेला अभिमान आज आठवला की अंगावर काटा येतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. वनखात्याची परवानगी आली होती. पहाटेपासून आम्ही दोघं शेतातल्या माळ्यावर बसलो. उजाडताना कळप भातातून बाहेर पडला, सगळ्यात शेवटी नर. अंतर तीस पावलं असेल. आप्पांनी बार टाकला. वाळली काटकी मोडावी इतकाच आवाज झाला. डुकरानं डोकं झटकलं, क्षणभर थांबलं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं. पळालंसुद्धा नाही.

आमच्या गावात एक रीत आहे. ज्यानं बार टाकला त्यानंच जखमी जनावराचा माग काढायचा, दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा नाही. कारण त्याच जाळीकडं सकाळी बाया गवताला जातात, गुरं जातात. दुसरी रीत अशी की माग लगेच काढायचा नाही, ऊन जाळीवर येईपर्यंत थांबायचं, म्हणजे तोवर जनावर रक्त जाऊन थकतं. बारा बोअरच्या दिवसांत आप्पांवर माग काढायची वेळ क्वचितच आली असेल.

आप्पा थांबायलाच बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, कानामागं लागलीय. मी बघितलंय. मेलं असणार."

मी बघितलं नव्हतं. डोकं झटकलेलं बघितलं होतं. बाकीचं मला हवं होतं म्हणून मी जोडलं.

"व्हय म्हणतोस?"

"व्हय."

ते उठले. मी दहा पावलं मागं होतो. जाळीत वाकून शिरले आणि आतून आधी फांद्यांचा आवाज आला, मग तोच काटकी मोडल्यासारखा बार, मग आप्पांचा आवाज. तो शब्द नव्हता. डुक्कर माझ्या इतक्या जवळून बाहेर गेलं की त्याच्या अंगावरचा चिखल माझ्या पँटला लागला. आप्पांची डावी मांडी आतल्या बाजूनं जांघेपर्यंत फाटली होती. मी टॉवेल आवळून बांधला. टेंपोतून खानापूर, तिथून बेळगाव. वाटेत ते शुद्धीवर होते. मला म्हणाले, "रायफल जाळीतच राहिली बघ. कुणाला तरी आणायला सांग."

चौथ्या दिवशी गावकऱ्यांनी शेजारच्या गावातून बारा बोअर आणून कुत्र्यांच्या मदतीनं ते डुक्कर पाडलं. सोलताना खांद्याच्या चामड्यात माझी गोळी सापडली, बटणासारखी चपटी झालेली. कानामागं काही नव्हतं. सोलणाऱ्यांपैकी एकानं ती माझ्या वडिलांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "कॉलेजची गोळी व्हय ही?" हे मला वडिलांनीच सांगितलं. टोमणा म्हणून नाही, झालं ते सांगायचं म्हणून.

दवाखान्यात वनखात्याचा माणूस जबाब घ्यायला आला. त्यानं विचारलं, इतकं हलकं काडतूस कुणाच्या सांगण्यावरून घेतलं? मी खाटेच्या पायथ्याशी डबा हातात धरून उभा होतो.

"माझ्याच," आप्पा म्हणाले. "खांदा दुखतोय न्हवं."

त्यानं लिहून घेतलं. मी तोंड उघडलं नाही. तो माणूस खोलीतून बाहेर जाईपर्यंत वेळ होता, जिना उतरेपर्यंतही होता.

दोन आठवड्यांनी आप्पांना घरी सोडलं. जखमेतून अजून पाणी येत होतं, पण रोज गावातच ड्रेसिंग करता येईल असं सांगितलं. डिसेंबरात माझी परीक्षा होती. गाडीत बसताना आप्पांनी माझा शर्ट धरून ओढला. "पेपर संपल्याबिगर गावाकडं फिरकायचं न्हाय. समजलं न्हवं?" मी हो म्हटलं. कानामागं लागल्याचं मी खोटं सांगितलं होतं, हे तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही. पेपर झाल्यावर सांगू, असं ठरवलं.

बेळगावात अनगोळ भागातल्या माझ्या खोलीवरून मी रोज संध्याकाळी फोन करायचो. आधी आप्पा स्वतः बोलायचे, "किती वाचलं?" एवढंच विचारायचे. पुढं वडील फोन घ्यायला लागले. झोपलाय म्हणायचे, ड्रेसिंग चाललंय म्हणायचे. एकदा मागं बरीच माणसं बोलत असल्याचं ऐकू आलं. मी विचारलं, तर म्हणाले, "पावणे आल्यात बघायला. बरं हाय, तू लिही." मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवायचाच होता म्हणून ठेवला.

शुक्रवारी शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर कॉलेजच्या फाटकाशी वडील उभे होते. ते कधी बेळगावला एकटे येत नाहीत. डोक्यावर पांढरी टोपी होती, तीही ते कधी घालत नाहीत.

"कसा गेला पेपर?"

"बरा गेला."

"सगळं लिहिलंस?"

"हो."

मग त्यांनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं.

पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी उत्तरं ताडून बघत जात होती.

"कधी?"

"मागल्या गुरवारी. तुझा दुसरा पेपर होता, त्या सकाळी. विष अंगभर भिनलं म्हणाले डॉक्टर." त्यांनी टोपी परत घातली. "पोराला कळवू नका म्हणून त्यानंच शपथ घातलती. अग्नी मी दिला. उद्या दहावा हाय, चल."