लुगड्यांच्या कुंपणासकट

बेळगावच्या खाली, जंगलाच्या तोंडाशी, रामनगरला माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. पुढं झेरॉक्सचं यंत्र, मागं पडदा आणि मधे मी. पडद्यावर निळा डोंगर, खाली तळं, तळ्याकाठी गवतानं शाकारलेली झोपडी आणि दोन माड. गुंदाकडची, कुंभारवाड्याकडची माणसं, जी जन्मभर खऱ्या डोंगरात राहिली, ती सोयरीक जुळली की बसनं येऊन या रंगवलेल्या डोंगरापुढं ताठ उभी राहतात. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, हे गाव कुठलं म्हणून. मी म्हटलं, कुठलंच नाही. तर तो म्हणाला, तरीच एवढं झ्याक हाय.

हल्ली सुपा धरण बघायला, वाघ दिसतो का बघायला बाहेरची मंडळी फार येतात. त्यातले एक बंगळूरचे गृहस्थ कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायला माझ्याकडं थांबले. भिंतीवर मी काढलेला आमच्या तिठ्याचा फोटो होता: ट्रॅक्टर, विजेचा खांब, टपरीवर निळी ताडपत्री. त्यांनी तो नीट बघितला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, की हे गाव आहे, पण याला ग्रामीण निसर्गचित्र म्हणत नाहीत. म्हणजे काय असतं ते मग त्यांनी समजावलं. तार नको, पत्रा नको, प्लास्टिक तर नकोच. माणूस असलाच तर लांब, बारीक आणि पाठमोरा. माझा स्वभाव काही फार सरळ नाही. बायको म्हणते, गिऱ्हाईक भांडायला येत नाही, तुम्हीच अक्षता देऊन बोलावता. तरी मी गप्प ऐकून घेतलं, कारण त्यांचे फोटो खरोखर सुंदर होते. तोंडावर नाही म्हणता येईना, आणि डोक्यातून जाईना.

माणूस बारीक आणि पाठमोरा! अरे, आम्ही काय बुजगावणी आहोत? असं चार दिवस धुसफुसलो. मग रोज सकाळी शटर उघडताना मीच एक डोळा मिटून खांबाशिवाय डोंगर कसा दिसतो ते बघायला लागलो.

माझी थोरली बहीण, आक्का, कुंभारवाड्याच्या पलीकडं रानातल्या एका वस्तीवर दिलेली. भावजी गेल्यापासून ती तिथं एकटीच भात करते. मुलगा बेळगावला कारखान्यात, तिथंच बायकोसोबत राहतो. जंगलातली वस्ती सोडून बाहेर यायला जे राजी होतील त्यांना सरकार पैसे देतं, त्यातनं बाहेर घर बांधायचं. आक्काच्या वस्तीवरची माणसं एकेक करत तशी बाहेर पडली. कुणी रामनगरला आलं, कुणी खानापूरकडं. जाताना कौलं उतरवून घेऊन गेली. भाच्याचं म्हणणं, आपणही सही करून मोकळं व्हावं. आक्का ऐकत नव्हती. तिचा जीव त्या शेतात. दिवाळीला येऊन काय ते ठरवू, असं तो म्हणाला होता, पण दोन पावसाळे त्याचं तिकडं पाऊल पडलं नव्हतं.

बाजाराला आली तेव्हा आक्का दुकानात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तम्मा, शेताचा एक फोटू काढ. त्याला दिसू दे हितं काय हाय ते. बघितल्याबिगार सोडायचं कसं म्हणतो त्यो?"

माझं वय झालं तरी तिच्यालेखी मी अजून तम्मा, धाकटा भाऊच. मी म्हटलं, असा काढतो की बघून पळत येईल.

भात पिवळं पडायला लागलं होतं. धुकं उठायच्या आधी पोचावं म्हणून अंधारातच मोटारसायकल काढली. पोचलो आणि बघतो तर काय, आक्कानं सगळं आवरून ठेवलेलं. आमच्याकडं फोटो म्हणजे पाहुणा. पाहुणा यायचा म्हटलं की अंगण सारवायचं, वाळत घातलेले कपडे उचलायचे, घरातलं फुटकंतुटकं मागच्या दारी न्यायचं. आक्कानं तेच केलं होतं, फक्त घराचं नाही, अख्ख्या शेताचं. झऱ्याचं पाणी आणणारा काळा पाइप गुंडाळून ठेवला होता. औषध मारायचा पंप, प्लास्टिकच्या खुर्च्या, ताडपत्री, सगळं गोठ्यात. आणि शेताभोवतीची लुगडी सोडली होती.

ही लुगडी म्हणजे कुंपण. रानडुकरं आणि गवे भातात शिरतात, म्हणून खुंट्या ठोकून भोवतीनं जुन्या साड्या बांधायच्या. वाऱ्यानं हलल्या की जनावराला वाटतं माणूस उभा आहे. धुवायच्या मात्र नाहीत, माणसाचा वास राहिला पाहिजे. आक्कानं पहाटे उठून एकूण एक साडी सोडली होती, कारण बायकांची नेसून फाटलेली लुगडी फोटोत दिसली तर लोक काय म्हणतील?

मला राग यायला हवा होता. आला नाही. समोर जे होतं ते बघून माझं भान गेलं. पिवळं भात, त्यावर धूर धरल्यासारखं धुकं, मागं एकामागं एक डोंगर. तार नाही, पत्रा नाही, प्लास्टिक नाही. बंगळूरच्या गृहस्थांनी सांगितलं होतं ते सगळं माझ्या आक्कानं लाजेपायी करून ठेवलं होतं. ती स्वतः घराच्या आड जाऊन बसली. तू ये की म्हटलं, तर माझं काय बघायचं म्हणाली. मीही मग जास्त ओढलं नाही. आयुष्यात तसा फोटो मी काढला नव्हता.

मग आम्ही दोघांनी परत लुगडी बांधली. बांधताना ती सांगत होती, ही पलीकडच्या घरातल्या थोरलीची, ही तिच्या सुनंची, ही अंगणवाडीच्या बाईंची. वस्ती सोडून जाताना एकेक बाई आपली जुनी साडी तिला देऊन गेली होती, तुझ्या भाताला होतील म्हणून. तिचं आपलं बोलणं चालू होतं, हिला तंबाखूची सवय, ती फार भांडायची, पण हाताला चव होती. ऊन चढेपर्यंत शेत पुन्हा लाल, हिरवं, जांभळं झालं.

वस्तीवर रेंज नाही. रामनगरला येऊन मी भाच्याला फोटो पाठवला आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला. चहा यायच्या आत त्याचा फोन आला. "मामा, फोटो लई भारी. कारखान्यातली पोरं इचारायलीत, कुठलं हिल स्टेशन म्हणून. पण तुम्हीच बघा की. नुस्तं रान हाय. माणूस कुठं हाय तिथं? आईला कशाला ठेवायचं त्यात?"

चहा तसाच राहिला. मी तो फोटो परत परत बघितला, आणि खरं सांगतो, त्याचं एकही वाक्य मला खोडता येईना. मी आक्काच्या बाजूनं साक्ष द्यायला गेलो होतो आणि विरुद्ध देऊन आलो होतो. तिथं तिनं लावणी केली, चिखलात पाय कुजवून घेतले, रात्रभर पत्र्याचे डबे बडवले, आणि माझ्या फोटोत ते भात जणू आपोआप उगवलं होतं. निसर्गचित्र! ज्यानं ते शेत घडवलं त्याला उचलून बाजूला ठेवायचं आणि उरलेल्याला सुंदर म्हणायचं.

मी पुन्हा गेलो. या वेळी भर दुपारी, न सांगता. आक्का बांधावर गवत कापत होती. भाचा काय म्हणाला ते सांगितलं. ती विळा फिरवत राहिली. मी म्हटलं, आता कशाला हात लावायचा नाही. आहे तसं. डोक्याला बांधलेलं फडकं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात विळा, आणि माझ्याकडं तोंड करून उभी राहा. ती लाजली, मग उभी राहिली. ऊन कडक होतं, सावल्या काळ्या पडत होत्या, कुठल्याही कॅमेरावाल्यानं नाक मुरडलं असतं. काळा पाइप आला, पंप आला, आक्काच्या घराचा पत्रा आला, कौलं उतरवलेली शेजारची घरं आली, आणि सगळीकडून ती लुगडी. मी मनात म्हटलं, आता बोल म्हणावं, माणूस कुठं हाय ते.

भाच्याला मोबाइलवर पाठवायचा नाही, मोठा छापून हातात द्यायचा असं मी ठरवलं. चांगल्या कागदावर काढला. पण आधी आक्काला दाखवावा, तिच्या मनासारखा झालाय का बघावं, म्हणून रविवारी घेऊन गेलो. खरं तर मला शाबासकी हवी होती.

तिनं हात पुसले आणि फोटो मांडीवर घेतला. आधी हसली. शेजारच्या घराच्या उघड्या भिंती बघून म्हणाली, बोडकं दिसतंय की रे. मग एकेका लुगड्यावर बोट ठेवत गेली, थोरली, सून, अंगणवाडीच्या बाई. बोट फिरत फिरत स्वतःवर आलं आणि तिथं थांबलं. मला वाटलं, दिसायला कशी आलेय ते बघतेय. मी काहीतरी चेष्टेचं बोललोही.

"मला वाटायचं, सगळ्या भोवतीनं उभ्या हाईत," ती म्हणाली. "संध्याकाळची मी बोलत बी असते त्यांच्यासंगं. फोटूत नुस्ती लुगडी हाईत, तम्मा."

मी म्हणालो, परत काढू, तो कोपरा चांगला नाही, ऊन फार होतं. काय वाटेल ते बडबडलो. तिनं फोटो उलटा करून माझ्या हातात दिला. डुकरांना फसवता फसवता मीच फसले, असं काहीतरी पुटपुटली आणि चूल पेटवायला उठली. जेवू घातलं. भात, वरण, कणगीच्या कंदाची भाजी, रोजचंच. जेवताना वेगळं काही बोलणं झालं नाही. निघताना मोटारसायकलपाशी येऊन म्हणाली, "त्याला सांग, आई येती म्हणून. एवढं भात कापून हुंदे."

मी भाच्याच्या बाजूचा कधीच नव्हतो. मला आक्का तिथं राहायला हवी होती. माझ्यासाठीसुद्धा. तिथं ती आहे म्हणून मला आपल्या माणसाचं घर होतं, रानात का असेना. आणि मीच तिला तो कागद नेऊन दाखवला. पहिला फोटो खोटा आणि दुसरा खरा, असं म्हणून मी मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. पण बंगळूरच्या गृहस्थांनी जे नको म्हटलं होतं, ते सगळं मी आत घेतलं, आणि तरी जी माणसं निघून गेली ती काही फोटोत आली नाहीत.

चढावर एका वळणावर रेंज येते. तिथं थांबलो. आधी रडून घेतलं, लाजायचं काय त्यात. मग भाच्याला फोन लावला आणि आई काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, सुटलो म्हणेल. रेंज गेली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"मामा," तो म्हणाला, "यंदा कापणीला तिच्यासंगं कोण हाय?"

"कोण न्हाई."

पलीकडं कारखान्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, रजा टाकतो, शनिवारच्या बसनं येतो, तवर तिला विळा लावू देऊ नका. दोन पावसाळे न फिरकलेला पोरगा आता शेवटच्या कापणीला येतो म्हणत होता. चांगलं झापावं असं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, ये बाबा, लवकर ये.