फियाटवाल्या काकांचे बंपर

मुलुंडच्या गव्हाणपाड्यात दत्ताराम घाडींना सगळे ‘फियाटवाले काका’ म्हणत. वडिलांची आकाशी फियाट त्यांनी अजून जपली होती. ती चालायची कमी आणि पुसली जायची जास्त. यंदा तिच्या दोन्ही बंपरना गंज धरला आणि काकांना घास गोड लागेना.

पुतण्या निलेशला घेऊन त्यांनी कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने आरशासारखा नवा बंपर पुढे केला. काकांनी तो टिचकीने वाजवला.

“पत्रा आहे की पापड?”

“काका, चमकतोय ना झकास? घ्या ना!” निलेश वैतागला.

“चमकतं ते सगळं टिकत असतं तर तुझं पहिलं लग्न टिकलं असतं.”

शेवटी कोपऱ्यातला वाकडातिकडा, पण जाड पत्र्याचा अस्सल जोड त्यांनी उचलला. तो ठोकून सरळ करून, घासून, वर आधी तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम असा मुलामा द्यायचा ठरला. मुलामा देणाऱ्या कारखानदाराने आंघोळ केली नसती तरी काकांनी खपवून घेतलं असतं, पण पत्र्यावर तेलाचा डाग राहिलेला चालणार नव्हता.

बंपर बसले आणि घरात सोवळं सुरू झालं. नुसत्या पाण्याने धुवायचं नाही, सौम्य साबण हवा. लगेच कोरडं करायचं, मग मेण. आतल्या बाजूला गंज रोखणारा रंग, कारण गंज पाठीमागून येतो, भाऊबंदांसारखा. कुणी धक्का मारेल म्हणून भाचीच्या साखरपुड्याला भांडुपला नवराबायको रिक्षाने गेले.

“अहो, बंपर धक्के खायलाच असतात ना?” मधुवंतीकाकूंनी विचारलं.

“ते इतरांच्या गाड्यांचे,” काका म्हणाले.

एका रविवारी सकाळी उकिडवे बसून मेण घासताना काकांची कंबर धरली. शेजारच्या दोघांनी उचलूनही ते सरळ होईनात. डॉक्टरकडे न्यायला काकूंनी त्यांना तसंच घडी घालून फियाटमध्ये बसवलं आणि स्वतः गाडी चालवायला बसल्या. लायसन होतं, सराव सुटून मात्र बरीच वर्षं झाली होती. स्टिअरिंगजवळचा गिअर हवा होता पुढचा, पडला मागचा. गाडी सोसायटीच्या गेटच्या खांबावर धाडकन आदळली. अर्धा खांब खाली आला.

काका ताडकन उतरले आणि ताठ उभे राहिले. मागच्या बंपरला वाटीएवढा पोचा पडला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

“अगं, बघ! क्रोमचा पापुद्रासुद्धा सुटला नाही! तो पापड असता तर डिकीत गेला असता.”

सेक्रेटरी प्रीतम धावत आला. “काका, खांबाची वाट लागली!”

“भुसभुशीत होता रे. हे बघ, इथे हात लाव.”

काकूंनी हॉर्न दाबला. “हाडांच्या डॉक्टरकडे जायचं की नाही?”

“जायचं ना,” आत बसत काका म्हणाले, “पण गाडी बाजारातून घे. आणि सावकाश, लोकांना बंपर दिसू दे.”