प्रज्ञेशचा हात

नरसिंगनं पहिली पहार कॉम्प्युटरच्या पडद्यावर घातली, दुसरी प्रज्ञेशच्या उजव्या हातावर. बोटांची हाडं कडाकड मोडली. बाहेर शे-दीडशे शेतकऱ्यांनी वॉचमनचं डोकं आधीच फोडलं होतं आणि साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात काचांचा खच पडला होता.

"माह्या उसाला तुरे आले, अन् मागून लावलेल्याला आधी तोड? काहून रे?" नरसिंग ओरडत होता, आणि रक्तबंबाळ प्रज्ञेश टेबलाखाली शिरत होता.

प्रज्ञेश हट्टा गावचा. १९९३ पासून ऊस लागवडीच्या तारखा तोच कॉम्प्युटरवर चढवी. त्यावरून तोडणीची पाळी ठरे. जुना प्रोग्राम रडतखडत चालायचा. नवा आणा म्हणून तोच कार्यकारी संचालक साहेबांच्या मागं लागला होता. पण वजनकाट्यापासून गावोगावच्या ऑफिसांपर्यंत दोनशे माणसांचे हात जुन्यावर बसलेले. हंगामात बदलायला सवड नाही आणि हंगाम सरला की कुणाला गरज वाटत नाही, असं दहा वर्षं चाललं.

२००३ साली साहेबांना एकदम हुरूप आला. हंगामाच्या शुभारंभाला मंत्री येणार, त्यांच्याच हस्ते नवा प्रोग्राम सुरू करायचा!

"साहेब, एक हंगाम जुना-नवा दोन्ही संगं चालवू. चूक असंल तर दिसंल," प्रज्ञेश म्हणाला.

"पत्रिका छापून झाल्यात," साहेब म्हणाले.

नव्या प्रोग्रामनं जुन्या तारखा उलट्या वाचल्या, महिना आधी आणि दिवस नंतर. अकरा जुलैला लावलेला नरसिंगचा ऊस सात नोव्हेंबरचा झाला, पाळी चार महिने मागं गेली. शेकडो जणांचं तेच. प्रज्ञेशनं चूक धरून दिली, तर साहेब म्हणाले, "मंत्र्यांसमोर सुरू केलाय, बंद कसा करू?" आग लागो असल्या अकलेला! साहेब परभणीला मीटिंगला गेले आणि मार ऑपरेटरनं खाल्ला.

मग जुना कॉम्प्युटर अडगळीतून निघाला. प्रज्ञेशनं डाव्या हातानं सगळ्या पाळ्या पुन्हा लावल्या, नरसिंगचीसुद्धा. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची वाकडी झाली.

पुढं नवा प्रोग्राम विकायला कुणी आलं की साहेब बेल दाबत. "प्रज्ञेश, हात दाखव रे यांना." पाहुणे बोटं बघत, चहा पीत आणि निघून जात. तोच जुना प्रोग्राम आणखी पाच वर्षं रखडत चालला.

२००८ मध्ये प्रज्ञेशला राहवलं नाही. पाहुण्यांसमोरच त्यानं हात टेबलावर ठेवला.

"साहेब, हे नव्या प्रोग्रामनं न्हाई झालं. तुमी माझं ऐकलं न्हाई, म्हणून झालं."

साहेब पाहुण्यांकडं बघून हसले. "बघा," ते म्हणाले, "बिचारा अजून भेदरलेलाच आहे."