कोरड्या हाताचा हिशेब

आमच्या शिवारात वीज आली तेव्हा मी जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे रात्री वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. माझं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून झालेलं. रोधाला मी मनात अजून मुजाहमतच म्हणायचो. पण व्होल्टला अँपियरनं भागलं की रोध आणि दोन्हींचा गुणाकार केला की वॉट, हे दोन्ही भाषांत सारखंच होतं. तेवढ्या भांडवलावर मी गावात भलताच शहाणा ठरलो. कुणाच्या घरी दिवा लागला की मला बोलावणं यायचं. मी दिव्यावरचे वॉट वाचायचो, तो किती अँपियर ओढतो ते सांगायचो आणि चहा पिऊन परतायचो. वायरीला हात लावायचं धाडस मला कधीच झालं नव्हतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या विहिरीवर मोटर बसली, त्या वर्षी भादव्यात थोरला भाऊ म्हणाला की मोटरीच्या अंगाला हात लागला की झिणझिण्या येतात. आईनं धसकाच घेतला. त्याला विहिरीकडे जाऊ देईना, ते यंत्र काढून टाका म्हणायला लागली. रोज जेवताना तोच विषय. मी मुळात तापट. घरात विज्ञानाचा मास्तर असताना ही बाई लोखंडाला घाबरते, याचाच मला राग आला. एका सुट्टीच्या दिवशी पाटी घेऊन तिच्यासमोर बसलो. कोरड्या कातडीचा रोध पुस्तकात लाखभर ओहम दिला होता. दोनशे तीस व्होल्टला लाखानं भागलं, दोन मिलीअँपियरच्या जरा वर आलं. याहून मुंगी जास्त जोरात चावते, असं तिला सांगितलं. पाटीवरचं तिला एक अक्षर कळलं नाही, पण तिचा जीव भांड्यात पडला. भाऊ टायरच्या जाड चपला घालून मोटरीजवळ जायचा, हे मी रोज बघत होतो. ते हिशेबात धरावं असं मला सुचलं नाही. मोटरीची जमिनीत गाडलेली अर्थिंगची तार कुणा वायरमनला तपासायला सांगावी, हेही नाही.

पुढं नवरात्र आलं. तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवस आई अनवाणी असायची. खंडेनवमीला आमच्याकडे औतं, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुजतात. त्या वर्षी मोटरीचीही पूजा करायची, असं तिनं ठरवलं. मला ठाऊक होतं. मी बरं म्हणालो आणि शाळेत गेलो, कारण शाळेतही पूजा होती.

तिथं टेबलावर बॅटरी आणि मीटर एकमेकांना जोडून ठेवले होते, तारेची दोन टोकं मोकळी होती. मुख्याध्यापकांनी सगळ्यावर पाणी शिंपडलं आणि झेंडूचा ओला हार वाहिला. तो नेमका त्या दोन टोकांवर पडला आणि मीटरचा काटा हलला. देवी पावली म्हणून सगळे हसले. मीही हसलो. सवयीनं आकडा वाचला, तीन मिलीअँपियर. बॅटरी सहा व्होल्टची. म्हणजे ओल्या हाराचा रोध दोन हजार ओहम.

मग माझं हसू गेलं. कातडी ओली असली तर लाख ओहम कुठले? दोनशे तीसला मी दोन हजारांनी भागलं. शंभर मिलीअँपियरच्या वर. याहून कमी विजेनं माणसाचं काळीज थांबतं, हे त्याच पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. आई अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. कुणाला काही न सांगता मी सायकल काढली.

विहीर दीड मैलावर. वाटेत मी तोच भागाकार परत परत करत होतो, कुठं तरी शून्य चुकलं असेल या आशेनं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शून्य चुकलं नव्हतं.

लांबूनच बायकांचा आवाज आला, "आई राजा उदो उदो." बंद मोटरीची काय पूजा करायची म्हणून ती चालूच ठेवली होती. भाऊ पल्याड उसात पाण्याची दारं धरत होता. आई चिखलात गुडघ्यांवर बसली होती, उजवा हात मोटरीवर, सगळं अंग थरथरत होतं, डोळे फिरले होते. तिच्या अंगात देवी आली असं समजून बायका हात जोडून उभ्या होत्या. शेजारची एक म्हातारी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकत होती. मी ओरडून तिला मागं सारलं. खांबावरच्या पेटीला हात लावायची माझी छाती होईना. तिथं पडलेल्या वाळक्या काठीनं खटका खाली पाडला. आई कुशीवर कोसळली.

ती वाचली. तळहात भाजला होता, दोन बोटं पुढं कधी नीट वळली नाहीत. पोरानं आईला मरणाच्या दारातून ओढून आणलं, असं बायका गावभर सांगत सुटल्या, आणि मी ते ऐकून घेतलं.

दुपारी तिला बोलता यायला लागलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. हाताला तेल लावता लावता मी चिडून विचारलं की पहिली झिणझिण आली तेव्हाच हात का काढला नाहीस?

"काढणार व्हते," ती म्हणाली. "पण तू पाटीवर मांडून दावलं व्हतंस न्हवं, काय व्हत न्हाय म्हणून. म्हणून म्या तसाच ठिवला."

ती मला बोल लावत नव्हती. मी विचारलं, तेवढ्याचंच तिनं उत्तर दिलं होतं.